कुठल्या रमाबाई?

रमाबाई म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, कुठल्या? थेऊरला थोरल्या माधवरावांमागे १७७२ साली सती गेलेल्या पेशव्यांच्या रमाबाई आहेतच. पण मला सतत ओढून घेतात त्या नंतरच्या तिघी. पहिलीचा जन्म १८५८चा, तिसरीचा १८९८चा.

पहिलीला ओळखायला सासरचं आडनाव लागत नाही. पंडिता म्हटलं की पुरे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथे ही मुलगी जन्मली. पुढे सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत पायी हिंडलं. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेली दोघं बहीणभावंडं चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या १८८२ साली पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज काढला.

त्या सभांना जाणाऱ्यांत दुसऱ्या रमाबाई होत्या, न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. माहेरी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. अकराव्या वर्षी, १८७३ साली लग्न झालं आणि ती रमा झाली. नवरा तिशी ओलांडलेला. लग्नाच्या रात्री त्यांनी या मुलीला विचारलं, तुझं लग्न कोणाशी झालं, माझं नाव काय, ठाऊक आहे का? नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही असा तो काळ. मुलीने ऐकलेलं नाव सांगितलं. लिहिता-वाचता येतं का, हा पुढचा प्रश्न. येत नव्हतं. शिकवणं तेव्हापासूनच सुरू झालं. ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे त्यांचं १९१०चं पुस्तक मी पुन्हा पुन्हा उघडते ते अशा जागांसाठी. सभांना जाण्यावरून, इंग्रजी शिकण्यावरून घरातल्या मोठ्या बायका काय काय बोलल्या, तेही त्यात आहे. रमाबाई उलट बोलत नाहीत आणि शिकणंही सोडत नाहीत. या दुहेरी ताणात किती वर्षं गेली असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

पंडिता इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या. परत येऊन १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन काढलं. धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात वादळ उठलं आणि १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोण किती बरोबर, याचा खल अजून चालतो. माझं मन मात्र केडगावला जाऊन थांबतं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना गोळा करून केडगावला आपल्या आश्रमात घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील भुकेने गेलेले जिने पाहिले, ती बाई त्या मुलींच्या तोंडाकडे कशी पाहत असेल! इकडे न्यायमूर्तींच्या मागे दुसऱ्या रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे बायका शिकल्या, परिचारिका होऊन बाहेर पडल्या.

तिसऱ्या, बाबासाहेब आंबेडकरांच्या रमाबाई, दापोलीजवळच्या वणंदच्या. वडील भिकू धोत्रे बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लहानपणीच गेले, मामा-काकांनी मुलांना मुंबईला आणलं. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर. एका कोपऱ्यात मुलीकडचे, दुसऱ्यात मुलाकडचे, बसायला बाजारातले दगडी ओटे आणि खालून वाहतं गटाराचं पाणी. नवरा दूरदेशी शिकत असताना घर चालवलं, पोटची चार लेकरं पुरली, यशवंत तेवढा राहिला. २७ मे १९३५ला राजगृह या राहत्या घरी त्या गेल्या, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

पंडितांनी स्वतःची साक्ष लिहिली, रानड्यांच्या रमाबाईंनी आठवणी लिहिल्या. या तिसऱ्या रमाबाईंचं असं पुस्तक नाही. फाळणीवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यात नाव आहे ‘रामू’, घरातलं. पण आज तिघींत सर्वांत जास्त गायली जाते ती हीच, ‘रमाई’ म्हणून. गाणी रचली गायक-शाहिरांनी, बायकांनी ती पाठ केली. घाटकोपरच्या वस्तीला नाव दिलं ते त्यांचं, आणि ११ जुलै १९९७ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर तिथे पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला, तेव्हापासून ते नाव दुःखालाही जोडलं गेलं.

अभ्यासक्रमात पहिल्या दोघी भेटतात, तिसरी बहुधा कोणाची तरी पत्नी म्हणून एका वाक्यात उरकली जाते. हे मला खुपतं. लिहून ठेवणारीचं आयुष्य आपण बारकाईने वाचतो. जिने लिहिलं नाही तिच्या आयुष्यालाही तेवढाच वेळ द्यायला हवा, मग त्यासाठी ७ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, वस्तीतल्या मांडवात बसून रात्रभर गाणी ऐकावी लागली तरी चालेल.