वेगळा गिलास आणि फुकटचं ऊन

आमच्या घरात मागच्या दिवाळीनंतर एक स्टीलचा गिलास वेगळा झाला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या दादाला हिपॅटायटिस बी आहे, असा रक्ताचा रिपोर्ट आला आणि आठ दिवसांत मोरीजवळच्या फळीवर एक गिलास, एक ताट, एक वाटी अशी त्याची भांडी बाजूला बसली. गिलासाला खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला, ओळखू यावा म्हणून.

भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत, आणि त्यांच्या खाली ठिपक्याचा गिलास. आम्ही गावोगावी भाषणं करणारी माणसं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झालं, हे पोरांना सांगताना आमचा आवाज चढतो. हॉटेलात आपल्या बापजाद्यांसाठी बाहेर ठेवलेली कानतुटकी कपबशी आम्ही शंभर वेळा लोकांसमोर मांडली. आणि आपल्याच घरात तीच कपबशी दिसली तेव्हा दोन दिवस आम्हीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर आम्हालाही भीती वाटली होती. हा आजार पाण्यातून पसरतो की काय, हे आम्हाला नक्की माहीत नव्हतं.

पसरत नाही. दूषित पाण्यातून, अन्नातून पसरते ती ए आणि ई प्रकारची कावीळ. बी आणि सी हे विषाणू रक्तातून जातात. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला, न उकळलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून, न तपासलेल्या रक्तातून आणि बी प्रकार शरीरसंबंधातूनही. एका ताटात जेवल्याने, एका गिलासात पाणी प्यायल्याने, गळाभेटीने जात नाहीत. लहानपणी डॉक्टर काचेची एकच पिचकारी धुऊन दहा जणांना टोचायचा, ते आम्हाला चांगलं आठवतं. जत्रेत आयाबायांनी एकाच सुईने हातभर गोंदवून घेतलेलंही आठवतं. विदर्भात सिकलसेल आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजात किती आहे, हे वेगळं सांगायला नको. त्या लेकरांना वारंवार रक्त चढवावं लागतं आणि रक्तपेढीत हिपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्याआधीच्या बाटल्यांतून काय गेलं, ते आता कोण सांगणार?

पण वस्तीत एकच निदान चाललं. लिव्हर खराब, म्हणजे पेत असंल. जिल्ह्यात जवळपास पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे आणि मोहाची कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, ते सोडा. दादाने आयुष्यात थेंब घेतला नाही. जन्माच्या वेळी हा विषाणू लागला तर दर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा घर करतो. मोठेपणी लागला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. म्हणजे हा आजार पुष्कळदा माणूस शुद्धीवर यायच्या आधीचा असतो, आणि आपण त्याचं चारित्र्य तपासत बसतो. गरीब माणूस आजारी पडला की आजाराआधी त्याचा गुन्हा शोधायचा, ही सवय आपण कुणाकडून शिकलो?

आता व्हिटॅमिन डी ची गोष्ट. दादाला टेनोफोव्हिरची गोळी सुरू झाली. २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सी ची औषधंही मिळतात. ही आपल्या हक्काची गोष्ट आहे आणि वस्तीत कुणाला ठाऊक नाही. सेवाग्रामच्या विचाराशी आमचं भांडण जुनं आहे आणि ते राहणार. पण तिथल्या कस्तुरबा दवाखान्याच्या रांगेत जाऊन पाहा, आपलीच माणसं उभी दिसतील. त्या रांगेत कुणीतरी या योजनेची माहिती द्यायला उभं राहायला हवं.

तर काही महिन्यांनी दादा म्हणू लागला, कंबर दुखते, मांड्या भरून येतात. डॉक्टरांनी डी ची तपासणी लिहिली. ती बाहेरून करावी लागली, हजाराच्या वर गेले. म्हणजे वहिनीच्या कितीतरी दिवसांच्या वेचणीचे पैसे एका नळीभर रक्तात. आकडा आला ११. वीसच्या खाली असला की कमतरता धरतात. रिपोर्ट पाहून आमच्या ओळखीचा एक शिकलेला गृहस्थ हसला. "ऊन तं फुकट हाय ना भाऊ, घ्या म्हणा."

दादा म्हणाला, "उन्हातच तं जिंदगी गेली माही. मंग हे कायचं कमी पडलं?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधत राहिलो. उन्हातली विशिष्ट किरणं कातडीवर पडली की कातडी हे द्रव्य बनवते. पण ते कच्चं. त्यावर पहिली प्रक्रिया यकृतात होते, दुसरी मूत्रपिंडात, तेव्हा ते हाडांच्या कामाचं होतं. रक्तात मोजतात ते यकृतातून निघालेलं रूप. यकृत फारच निकामी झालं, सिऱ्हॉसिस झाला, तर ही गिरणीच मंदावते; पित्त नीट उतरलं नाही तर पोटातून शोषणही घटतं. दादाचं यकृत तेवढं बिघडलेलं नाही. त्याचं डी कमी असायचं कारण बहुधा तेच, जे शेजारच्या निरोगी माणसाचं आहे.

कारण आमचा माणूस उन्हात असतो, पण उघडा नसतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. डोक्याला दुपट्टा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. बायका कापूस वेचायला जातात तेव्हा लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, तोंड बांधतात, नाहीतर पऱ्हाटीच्या बोंडांनी हात सोलून निघतात. वरून कातडी सावळी. सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि ताटात काय? दूध चहापुरतं, अंडं पाहुणा आला तर. "ऊन फुकट आहे" असं म्हणणाऱ्याने एक दिवस देवळी किंवा समुद्रपूरच्या शिवारात उघड्या अंगाने वेचणी करून दाखवावी.

दादाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकाराने काही रुग्णांत हाडांची घनता थोडी उतरते, मूत्रपिंडावरही लक्ष ठेवावं लागतं. आधीच डी कमी असलेल्या माणसाला हे जास्त जाचतं. म्हणून गोळी बंद करायची नसते, ती स्वतःच्या मनाने बंद केली तर आजार उसळून जीव जाऊ शकतो. तपासण्या करत राहायच्या, डी भरून काढायचं, गरज पडली तर डॉक्टर औषध बदलतात. दादाला साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे.

तेवढ्यात मोबाईलवर एक संदेश फिरत आला. डी घ्या, लिव्हरचा व्हायरस पळून जातो. दादाचा मेहुणा रोज एक पुडी द्या म्हणून मागे लागला. दीर्घकाळच्या हिपॅटायटिसमध्ये डी कमी आढळतं आणि ज्यांचं यकृत जास्त खराब त्यांच्यात ते आणखी कमी आढळतं, हे खरं आहे. पण कमी डी मुळे यकृत बिघडलं की बिघडलेल्या यकृतामुळे डी कमी झालं, हे त्यातून ठरत नाही. सी च्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनच्या इंजेक्शनसोबत डी देऊन पाहिलं गेलं. कुठे फायदा दिसला, कुठे नाही. आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी सी चे बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, तो प्रश्नच मागे पडला. बी चा विषाणू डी ने जात नाही. डी हाडांसाठी आहे. रोज पुडी घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं जातील. काविळीची माळ गळ्यात घालणारा आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणारा भोंदू आम्ही वस्तीतून हाकलला होता. तोच आता मोबाईलमधून आत येतोय, इंग्रजी नाव घेऊन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण होते. बहुतेकांना माहीतच नाही. जन्मल्यापासून चोवीस तासांत बाळाला बी ची लस मिळाली तर साखळी तिथेच तुटते. आपल्या वस्तीतल्या किती बाळंतिणींना हे विचारायचं सुचतं?

गिलासाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही वहिनीसमोर बसलो. भाषण करायचं ठरवून गेलो होतो, पण जमलं नाही. दादाच्या गिलासात पाणी घेतलं आणि प्यायलो. ती रडली, मग चिडली. "तुमाले काय जाते भाऊजी? पोरीची सोयरीक तुटली तं कोन येईन?" तिची भीती खोटी नव्हती. सोयरीक पाहायला येणारी माणसंही आपलीच असतात, जयभीम करूनच आत येतात. या प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही.

गिलास आता फळीवर इतर भांड्यांत आहे. नेलपॉलिश निघालं नाही, घासून थोडं फिकं झालंय. घरच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. वहिनी आणि पोरगी निगेटिव्ह, लस सुरू आहे, तिसरा डोस सहाव्या महिन्यात. थोरला पोरगा पुण्यात कंपनीत आहे. त्याला तीनदा फोन केला. सुटी मिळत नाही म्हणतो.