पाचवे चाक

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर देवळाच्या पटांगणात एखादी नवी मोटार आशीर्वादासाठी उभी राहिली, की पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी आम्ही मालकाला डिकी उघडावयास सांगतो. आमच्या धर्मग्रामातील लोकांना ही खोड आता पुरती ठाऊक झाली आहे. 'फादर, आधी स्टेपनी बघा!' असे मागून कोणीतरी ओरडते आणि हशा पिकतो. गेल्या वर्षी एका तरुणाने आणलेल्या गाडीत मात्र डिकीचा तळ उचलून पाहिले, तर तेथे स्टेपनीच नव्हती. हवा भरण्याचा एक छोटा पंप आणि भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली एवढेच काय ते होते. 'आता असेच येते, फादर,' तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, त्यातील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच गाडीत असेल, तर लहान प्रवासी गाड्यांना सुटे चाक बाळगण्याची सक्ती राहिलेली नाही.

तसे पाहिले तर मोटारींच्या आरंभकाळीही सुटे चाक नव्हतेच. रस्त्यावरच बसून टायर सोलावा लागे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली या गावच्या डेव्हिस बंधूंनी आऱ्यांवाचूनचे एक चाक तयार केले. ते पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळून बसवीत. त्यांचे दुकान होते स्टेपनी नावाच्या रस्त्यावर. ते चाक केव्हाच नाहीसे झाले, पण रस्त्याचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिले आहे!

परंतु आम्हांला ही खोड जडली ती बव्हेरियात.

२००८ साली आम्ही रोमला शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतील धर्मगुरू रजेवर जातात आणि त्यांच्या जागी महिनाभर काम पाहण्यास आपल्याकडचे अनेक धर्मगुरू तेथे जात असतात. त्या ऑगस्टमध्ये आम्ही इन नदीच्या परिसरातील एका खेडेगावी होतो. पवित्र मातेचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आल्टऑटिंग तेथून जवळच. धर्मग्रामाची मोटार रजेवरच्या फादरांबरोबर गेली होती, म्हणून देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी आपली जुनी फोक्सवॅगन बीटल आमच्या हवाली केली. गाडी १९७० सालची. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, नीट राखलेल्या गाड्यांना क्रमांकाच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. तो मान तिला होता.

आमचे वडील मुंबईत फियाट टॅक्सी चालवीत, त्यामुळे मोटारीचे पोट आम्हांला परके नव्हते. तरीही बीटलने आम्हांला चकविले. तिचे इंजिन मागे आणि सामान पुढे. पुढचे झाकण उघडले की अगदी नाकात, एका खोलगट जागेत सुटे चाक तिरपे उभे. त्याच्यामागे पेट्रोलची टाकी. इंजिनाचे सारे वजन मागे असल्यामुळे पुढे असे काहीतरी जड ठेवणे शहाणपणाचेच. शिवाय चाक हवे झाल्यास सगळे सामान रस्त्यावर उतरवून ठेवावे लागत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या साऱ्या बॅगा उपसल्याखेरीज स्टेपनीचे दर्शन होत नाही.

पण त्या चाकाकडे आणखी एक काम होते. समोरची काच धुण्याचे पाणी ज्या बाटलीत असे, त्या बाटलीची नळी सुट्या चाकाच्या वाल्वला जोडलेली होती. चाकातील हवा पाण्यावर दाब देई आणि कळ दाबताच काचेवर फवारा उडे. वेगळा पंप नाही, वीज नाही! यासाठी सुट्या चाकात तीन बारपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ पौंड हवा भरावयाची. रस्त्यावरच्या चाकांना याहून बरीच कमी लागते. दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की मधला वाल्व हवा जाणे थांबवी. म्हणजे काच कितीही धुतली तरी गाडीला पुरेल एवढी हवा चाकात उरलीच पाहिजे, असा हिशेब. अशी काटकसर पाहून आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली.

जॅकची जागा त्या गाडीत सुट्या चाकामागे होती. त्याची मूळ पकड केव्हातरी तुटली असावी; मालकाने तो सुतळीने बांधून ठेवला होता. सुतळी सैल झाली आणि वळणावळणावर जॅक खडखडू लागला. चार दिवस आम्ही ते सोसले. पाचव्या दिवशी सुतळी कापली, जॅक बाहेर काढला आणि धर्मगुरुनिवासामागच्या खोपीत कुंड्यांशेजारी फळीवर ठेवून दिला. त्यानंतर गाडी कशी छान, शांत चालू लागली. नंतर बांधू, असे मनाशी म्हटल्याचेही आठवते.

पुढच्या आठवड्यात रात्री पावणेअकराला फोन वाजला. नऊ किलोमीटरवरच्या एका शेतघरातील वृद्ध आईची प्रकृती एकाएकी खालावली होती. धर्मगुरूंनी यावे, अशी तिची इच्छा होती. आम्ही पवित्र तैल आणि ख्रिस्तशरीर घेतले व निघालो. अर्ध्याहून अधिक वाट सरली असेल नसेल, तोच रानातल्या वळणावर गाडी उजवीकडे ओढू लागली. उतरून पाहतो तो पुढचे चाक बसलेले. झाकण उघडले. सुटे चाक जागेवर होते, पाना होता. आणि मग आठवले.

दहा कुमारिकांचा दाखला आम्ही कितीदा तरी प्रवचनात सांगितला असेल. त्या रात्री तेल आमच्या खिशात होते.

जवळ दूरध्वनी नव्हता. अंधारात दोन किलोमीटर चालून एका घराचे दार ठोठावले. कुत्री भुंकली, दिवे लागले, एक शेतकरी पायजम्यावरच आपली गाडी काढून आम्हांला घेऊन निघाला. आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. अंगणात डॉक्टरांची मोटार उभी होती. आतल्या खोलीत, जेथे कोपऱ्यात क्रूस लावण्याची त्या मुलखाची रीत आहे, त्या क्रूसाखाली टेबलाशी बसून डॉक्टर कागद लिहीत होते. आई वीस मिनिटांपूर्वी देवाघरी गेली होती.

मृत्यूविषयी शंका असेल तर रुग्णाभ्यंग द्यावा, अशी धर्मसभेची उदार शिकवण आहे. येथे शंकेला जागा नव्हती. तैलपात्र आम्ही खिशातून काढलेच नाही. मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. आमच्या मोडक्या जर्मनला ती मंडळी भरल्या गळ्याने उत्तरे देत होती. उशीर का झाला ते सांगताना 'पंक्चर' एवढाच शब्द आम्ही उच्चारला. जॅकविषयी बोललो नाही. तिच्या मुलाने आमचे दोन्ही हात धरले आणि 'देव तुम्हांला याचे फळ देवो' या अर्थाचे त्या भागातले आभाराचे शब्द म्हटले. ते शब्द फार जड वाटले.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी तो मुलगा धर्मगुरुनिवासाच्या दारात उभा राहिला. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. हातात एक कातडी पट्टा होता. आमची गाडी दुसऱ्या दिवशी त्यानेच स्वतःच्या जॅकने उचलून, टायर दुरुस्त करून आणून ठेवली होती. म्हणजे जॅकची रिकामी जागा त्याने पाहिलीच होती. 'हेर फारर, जॅक कुठे आहे?' त्याने विचारले. आम्ही त्याला खोपीत नेले आणि सगळे सांगून टाकले. तो काही बोलला नाही. जॅक उचलून त्याने दांड्याला तेल दिले आणि म्हणाला, 'या, दाखवतो.'

पुढचा तासभर त्याने आम्हांला मुलासारखे शिकविले. बीटलला चाकाखाली जॅक लावीत नाहीत. दोन्ही बाजूंना फूटबोर्डाखाली एक एक चौकोनी नळी असते, तिच्यात जॅकचा हात पूर्ण आत सरकवायचा. जुन्या गाडीत हीच नळी गंजते आणि वजन येताच जॅक पत्रा फाडून वर घुसतो. म्हणून त्याने आधी हातोडीने नळी ठोकून आवाज ऐकला. त्या बाजूची दोन्ही चाके एकदम उचलली जातात, तेव्हा पलीकडच्या चाकांना दगड लावल्यावाचून सुरुवातच करायची नाही. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल करायचे, काढायचे मात्र उचलल्यावर. बसविताना समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळायचे आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. हे सारे त्याने एकदा करून दाखविले आणि मग आमच्याकडून करवून घेतले. शेवटी जॅक जुन्या कांबळ्याच्या तुकड्यात गुंडाळून त्या पट्ट्याने मूळच्या जागी करकचून बांधला, हलवून पाहिला, पुन्हा एक भोक पुढे आवळला.

मग त्याने सुट्या चाकाची नळी सोडविली, वाल्वला दाबमापक लावले, क्षणभर काट्याकडे पाहिले आणि मान हलविली. 'यात हवाच नाही,' तो म्हणाला. 'मधला वाल्व बिघडलाय. सगळी हवा काचेवर गेली. जॅक असता, तरी त्या रात्री हे चाक तुम्हांला घेऊन आले नसते, हेर फारर.'

आम्ही पलीकडे, कंदिलासारखा हातदिवा धरून उभे होतो. काटा त्याच्या बाजूला होता. पुढे वाकून पाहता आले असते, पाहिले नाही. त्याने लगेच दाबमापक खिशात टाकले, पायपंप जोडला आणि हवा भरू लागला. किती वेळ भरत होता, ते आम्ही मोजले नाही.

महिना संपल्यावर गाडी परत करण्यापूर्वी आम्ही त्या शेतघरी जाऊन आलो. वाट तीच, वळणेही तीच. पुढच्या झाकणाखालून कसलाही आवाज आला नाही.