शेंडेनक्षत्रावरचं देणं

माझं पहिलं कॉमिक्स ३२ पानांचं होतं. दोन फर्मे, मध्ये दोन पिना, ५०० प्रती. गठ्ठे रिक्षात घालून घरी आणले, तेव्हा पहिली प्रत कुणाला द्यायची ते मनात केव्हाच ठरलेलं होतं. पण ते गृहस्थ २००१ सालीच गेले होते.

बालसाहित्यिक भा. रा. भागवतांना मी कधी भेटलो नाही, साधं कार्डही पाठवलं नाही. तरी आज मी विज्ञानकथा आणि कॉमिक्स लिहितो, पदरच्या पैशांनी छापतो आणि पुस्तक प्रदर्शनात टेबल मांडून विकतो, ते त्यांच्यामुळे. हे ऋण मी आजवर तोंडीच सांगत आलो. आता लिहून ठेवतो.

पाचवीच्या सुट्टीत आमच्या गावच्या नगरवाचनालयात जायचो. एका कार्डावर एकच पुस्तक मिळे. तिथल्या बाई दुसरं पुस्तक स्वतःच्या नावावर चढवून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पानं दुमडू नकोस हं, बाळ." असंच एकदा 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हाती पडलं. ज्यूल व्हर्नची १८७७ सालची ही कादंबरी भागवतांनी मराठीत आणली. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाता जाता तिचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेतो. त्या माणसांना आपण पृथ्वीवर नाही, हे ठाऊकच नसतं. सूर्य पश्चिमेला उगवतो, दिवस निम्म्यावर येतो. आणि पाणी चटकन उकळतं, पण त्यातली अंडी काही लवकर शिजत नाहीत.

त्या अंड्यांनी माझी झोप उडवली. आईला विचारलं, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, "महाबळेश्वरला तुझ्या मावशीकडे डाळ लवकर शिजते का? वर हवा विरळ, पाणी आधीच उकळतं." अंतराळातलं कोडं आमच्या चुलीपाशी सुटलं. विज्ञानकथा म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं. पुढे त्यावर पुष्कळ वाचलं, पण त्याहून नेमकं काही सापडलं नाही.

दुसरं देणं एका शब्दाचं. शाळेच्या पुस्तकात 'धूमकेतू' होता. भागवतांनी 'शेंडेनक्षत्र' घेतला, आजीच्या तोंडचा. शेंडी असलेलं नक्षत्र. मुलाला अर्थ सांगावा लागत नाही, समोर दिसतो. कॉमिक्सच्या फुग्यात जेमतेम दहा-बारा शब्द मावतात. तिथे जड पारिभाषिक शब्द आला की वाचणारं पोर पान उलटतं. असा शब्द अडला की मी अजूनही स्वतःला विचारतो, आजी याला काय म्हणाली असती?

आणि भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा बनेश फेणे, जिभेनं 'ट्टॉक' करणारा. तो एक आवाज ऐकला की पोरगा समोर उभा राहतो. चित्रकार राम वाईरकरांनी त्याला काडीसारखे हातपाय दिले आणि अंगात वारं भरलं. 'अमर चित्र कथे'तला 'कृष्ण' त्यांचाच, 'टिंकल'मधला सुप्पंडीही त्यांनीच रेखाटला, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची चित्रं समोर ठेवून मी माझ्या संहितेतल्या ओळी खोडायला शिकलो. सायकल धूळ उडवत वळली, हे चित्रात दिसत असेल, तर ते लेखकानं पुन्हा सांगू नये.

पण भागवतांचं सगळ्यात मोठं देणं पुस्तकांबाहेरचं आहे. १९५१ साली त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढलं. पत्नी लीलावतीबाईंची साथ होती, पदराला खार लागत होता, तरी ते चालवलं. अखेर ते बंद पडलं, पण त्यांचं लिहिणं थांबलं नाही. फास्टर फेणेचीच वीस पुस्तकं झाली. माझ्या तीन गोष्टी एका मासिकानं छापल्या आणि मानधनाची पत्रं अनुत्तरित ठेवली, तेव्हा मी लेखन सोडायला निघालो होतो. त्या रात्री 'बालमित्र' आठवला. सकाळी छापखान्यात जाऊन दर विचारला. मालक म्हणाले, "कागदाचे आत्ता द्या, छपाईचे विकतील तसे द्या." ते पैसे फेडायला मला चौदा महिने लागले. त्यांनी एकदाही फोन केला नाही. तेही ऋण याच खात्यातलं.

मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपण दुय्यम मानत आलो, ही आपली मोठी चूक आहे. मोठेपणी विज्ञानकथा उघडणारा वाचक त्यानंच तर घडवलेला असतो.

एक विनंती आहे. 'बालमित्र'चे जुने अंक आता सहजासहजी पाहायला मिळत नाहीत. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत एखादा असेल, तर रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि तो जपून ठेवायला सांगा.