मदनमहाल : शिळा आणि शाकारणी

जबलपूरच्या टेकडीवर, ग्रॅनाइटच्या एका प्रचंड शिळेवर मदनमहाल उभा आहे. परंपरेने तो गढा राज्याचा गोंड राजा मदनशाह याच्या नावावर घातला आहे. प्रवासी मात्र तो राणी दुर्गावतीचा (मृत्यू १५६४) किल्ला म्हणूनच पाहतात. वास्तविक किल्ल्याला साजेसे त्यात फारसे काही नाही. मोजक्या लहान खोल्या, अरुंद जिना, समोर घोड्यांची पागा म्हणून दाखविली जाणारी बांधणी, एवढाच संसार. जोते शिळेने दिले, वरचे घर तेवढे माणसाने रचले. जवळच भेडाघाटला, चौसष्ट योगिनी मंदिरात, कलचुरींनी दगड कोरून बोलका केला. येथे तो अनघड आहे, चुन्यात बसविलेला. त्यावरून ही वास्तू दुय्यम ठरविणे रसिकतेचे लक्षण नव्हे. जागेच्या कलाने बांधण्याची ही रीत दरबाराची कमी आणि झोपडीची अधिक आहे.

मंडला-दिंडोरीकडील गोंडांच्या जुन्या धाटणीच्या घरांत ती दिसते. भिंती मातीच्या, वर गवत किंवा देशी कौले. गवताचे छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावे लागते. म्हणून ते घर कधी ‘जुने’ होतच नाही, असे आपण सहज समजतो.

इंग्लंडच्या खेड्यांतील दगडी भिंतींची, पेंढ्याने शाकारलेली घरे हा समज खोटा पाडतात. तेथेही छप्पर काही दशकांनी नवे करावे लागते. पुष्कळदा जुन्या थरावरच नवा थर चढवितात. डेव्हन परगण्यातील काही घरांत छपराच्या तळाशी मध्ययुगीन चुलीच्या धुराने काळवंडलेला पेंढा अजून सापडतो. ऐतिहासिक इमारतींची जी सूची तेथे १९४७ च्या कायद्याने सुरू झाली, तिच्यात अशी घरे गढ्यांच्या आणि चर्चच्या पंक्तीला बसली आहेत. छप्पर नवे, तरी घर जुने. कारण शाकारणीची रीत जुनी.

आपल्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याला मात्र वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. ही अट दगडाला सोयीची आहे. गवत ती कशी पुरी करणार? कायदा द्रव्याचे वय मोजतो, रीतीचे नव्हे. परिणामी गोंडांचे स्थापत्य म्हणून विद्यार्थ्यांसमोर येतात ते राजांचे वाडे, आणि ज्या घरांतून ती दृष्टी घडली त्यांचे गवत उतरवून पत्रे चढविले जातात, तेव्हा कोणत्याही स्मारकसूचीत एक ओळही कमी होत नाही.