आजोबांची चिप

नोएडात मोबाइलचे इवलेसे भाग यंत्रे बसवतात. तिथल्याच एका मराठी घरात आजोबांनी नातवाबरोबर अंकांचे घड्याळ करायला घेतले. चार तारांवरचा संकेत सात रेघांच्या अंकात बदलणारी डिकोडर चिप हवी होती. त्यांनी बोर्डाच्या छिद्रांत बसणारी १६ पिनांची निवडली. दोन पिनांत २.५४ मिलिमीटर अंतर. थरथरत्या हातांनाही सोल्डरिंग जमते.

७४४७ की ४५११?

‘‘आजोबा, स्वस्त असेल ती घेऊ.’’

‘‘अरे, आधी डिस्प्ले बघ!’’

कॉमन अ‍ॅनोडला ७४४७, कॉमन कॅथोडला ४५११. डिस्प्ले कॅथोडचा निघाला. ४५११ आणली, तीही सॉकेटमध्ये बसवली. उद्या बिघडली, तर नातवाला एकट्यालाही बदलता यावी म्हणून!