रोजच्या सायकलची वही

वारज्याहून शिवाजीनगर. एका बाजूने नऊ-दहा किलोमीटर. पावसाळा धरून वर्षातले बहुतेक दिवस ऑफिसला सायकलनेच जाते. रविवारी जमलं तर खडकवासला, नाहीतर कात्रजचा जुना बोगदा. सायकल साधी आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, २८ मिलिमीटरचे टायर, मागे कॅरियर, दोन्ही चाकांना मडगार्ड. खालचं सगळं हिच्यावरच शिकलेलं.

*

हवा दर सोमवारी सकाळी, दूध तापेपर्यंत.

अंगठ्याने टायर दाबून बघायची सवय मी सोडली. बारीक टायर पन्नास पौंडालाही कडक लागतो आणि ऐंशीलाही. गेज असलेला उभा पंप ही हेल्मेटनंतरची पहिली खरेदी असावी, कपडे आणि बूट नंतर. माझं बॅगेसकट वजन पासष्ट किलोच्या आसपास. मागे ७५, पुढे ६८. भर पावसात दोन्हीकडे पाच पौंड कमी.

टायरच्या कडेला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. तितकी हवा भरलीच पाहिजे असं नाही. दगडासारखं कडक चाक खड्ड्यावर उसळतं आणि तेवढ्यापुरती पकड सुटते. उलट हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर रस्त्यावर खिळा शोधत बसू नये, गेज बघावं.

*

पितळेचा छोटा अडॅप्टर. किंमत किरकोळ. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी बसत नाही, याच्यामुळे बसते. माझा किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. कॉम्प्रेसरने भरताना फुस्स-फुस्स करत थोडी थोडीच हवा घ्यायची. आपली ट्यूब लहान असते, क्षणात भरते.

*

बायपासचा सर्व्हिस रोड, सकाळचे सव्वानऊ. मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, एक किलोमीटरवर पुन्हा बसलं. स्पेअर ट्यूब एकच होती. फुटपाथवर बसून जुनी ट्यूब फुगवली आणि गालाजवळ फिरवली. भोक गालाला कळतं, कानाआधी. मग ती ट्यूब टायरवर धरली, व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जुळवून. म्हणजे काटा टायरमध्ये कुठे असेल ते समजतं. तिथे बोट फिरवलं, काही नाही. डोळ्यांनाही काही दिसेना. शेवटी रुमाल आतून फिरवला आणि एका जागी सुताचा धागा अडकला.

तार होती. केसाएवढी, जेमतेम तीन मिलिमीटर. ट्रकचे टायर फुटले की आतल्या पोलादी तारांचे तुकडे हायवेच्या कडेला पसरतात. आपल्या टायरमध्ये ते रुततात आणि वजन पडलं की तेवढ्यापुरते आत डोकावतात. नखांनी निघेना. टायर उलटा दुमडला तेव्हा टोक वर आलं, ते चिमट्याने ओढलं. काचपेपर, सोल्युशन, पाच मिनिटं वाळू द्यायचं, मग ठिगळ. ओल्या सोल्युशनवर घाईने लावलेलं ठिगळ सुटतं. त्या दिवसापासून भुवया कोरायचा चिमटा माझ्या सीटखालच्या पिशवीत आहे, आणि कारण सापडल्याशिवाय मी नवी ट्यूब घालत नाही.

*

सीट. सिग्नलला दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेक जण सीट खाली ठेवतात आणि वर्षभरात गुडघा धरून बसतात. ऑफिसातल्या मैत्रिणीचं हेच झालं होतं. भिंतीला धरून सीटवर बसायचं, टाच पेडलवर, पेडल अगदी खाली. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप राहतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं. तिची सीट पंधरा दिवसांत थोडी थोडी करून चार बोटं वर घेतली. सीटच्या पाइपवर मर्यादेची खूण असते, ती फ्रेमच्या आतच राहायला हवी.

*

पहिल्या पावसाचे दोन दिवस माझ्या मते वर्षातले सगळ्यात वाईट. तेल आणि धूळ भिजून रस्त्यावर साबणासारखा थर येतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाच्या सांध्यावरच्या पट्ट्या यांच्यावर ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही, सरळ निघून जायचं. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असतील तर २८ चा टायर त्यात सहज उतरतो. माझ्या वाटेवर अशा तीन जाळ्या आहेत. मला त्या पाठ आहेत.

पावसाळ्यात ब्रेकच्या रबरांत वाळू आणि धातूचा कीस रुततो. खर्र आवाज आला की रिम घासली जातेय असं समजावं. रबर काढून सुईच्या टोकाने कण टोकरून काढते.

*

उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना हात लांब केला तरी दाराला लागणार नाही, इतकं अंतर. मागून हॉर्न वाजला तरी आत सरकायचं नाही. हे मी नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण दार उघडणारा माणूस मागे बघेलच याची खात्री कुणालाच देता येत नाही.

रिक्षाच्या इंडिकेटरपेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे बघावं. कुठे जाणार ते चाक आधी सांगतं.

सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. कधीच नाही. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डाव्या कुशीत आलेली सायकल त्याला दिसतच नाही. तो वळला की जागा संपते. मागे थांबून अर्धं मिनिट गेलं तर गेलं.

*

मागचा लाल दिवा सीटखाली लावला होता. एकदा कॅरियरवर बॅग बांधल्यावर मागे जाऊन उभी राहिले, तर दिवा दिसेचना. कित्येक संध्याकाळी मी तशीच घरी आले होते. आता दिवा कॅरियरच्या मागच्या कडेला आहे. तुमची बॅग, ओढणी, रेनकोट सगळं चढवून कुणाला तरी मागून बघायला सांगा.

*

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीने अमेरिका आडवी पार करायची शर्यत पुरी केली. त्या बातम्या वाचताना ब्रेव्हे हा शब्द पहिल्यांदा भेटला. २०० किलोमीटर १३.५ तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस. शर्यत नाही, मुदतीत पोचायचं. ठरलेल्या चौक्यांखेरीज वाटेत आपल्या माणसांची मदत घ्यायची नाही. २०० मी एकदा पूर्ण केली. तिथून रोजच्या सायकलीवर आलं ते हे: दोन ट्यूब, ठिगळाची डबी, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा, शंभराची नोट. आणि तहान लागायच्या आधी घोट, भूक लागायच्या आधी घास. माझ्याकडे गुळाची चिक्की असते.

*

सिंहगड. गोळेवाडीपासून चढ नऊ-एक किलोमीटर. चढताना हलका गिअर लवकर घ्यायचा, पाय अडकल्यावर नाही. उतरताना ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. खरा थांबवणारा ब्रेक पुढचाच, पण तो दाबताना अंग मागे न्यावं लागतं. सायकल परकी असेल तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी बघावं. काहींत उजव्याला असतो, काहींत डाव्याला.

*

चौकातल्या सायकलवाल्या काकांकडे चाकाचा आऊट काढायला गेले होते. हातात आऱ्यांची किल्ली, ब्रेकजवळ अंगठ्याचं नख. चाक फिरतं, नखाला टेकतं तिथे काका थांबतात, पाव फेरा आवळतात, समोरचा आरा पाव फेरा सैल. वीस मिनिटं हेच. मध्येच म्हणाले, "ताई, घाईत एकच आरा पिळला की चाक सरळ दिसतं, पण चार दिवसांत तोच तुटतो."

डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हेही त्यांनीच दाखवलं होतं. माझ्या हातून एक क्रँक जवळजवळ खराब होणार होता. दोन्ही पेडल पाना वरून पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतात, मागे ओढला की सुटतात.

*

आज चेन पुसली. जुना बनियन, थोडं रॉकेल, कोरडी झाल्यावर प्रत्येक सांध्याला एक थेंब वंगण, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुन्हा पुसून. वंगण आत हवं, वर राहिलं की माती धरतं.

मग लोखंडी पट्टी लावून मोजली. पिन ते पिन चोवीस सांधे म्हणजे नव्या चेनचे बरोबर बारा इंच. अर्धं सूत वाढलं की चेन बदलायची. एक सूत होईपर्यंत थांबलं तर मागची दातेरी चक्रंही तिच्याबरोबर जातात. माझी अर्ध्या सुताच्या रेघेला टेकलेली आहे. शनिवारी काकांकडे. मागच्या ब्रेकची रबरंही आणायची आहेत.