रक्तातलं विष आणि रस्त्याचं अंतर

"हे लोक डायलिसिस चुकवतात, पथ्य पाळत नाहीत, भगताकडे जातात." जव्हार-मोखाड्याच्या रुग्णांबद्दल हे आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता हिशेब मांडायलाच हवा.

निरोगी मूत्रपिंडं रात्रंदिवस काम करतात, दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. डायलिसिसचं यंत्र आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं. आठवड्याचे तास १६८, रक्त साफ होण्याचे फक्त १२. उरलेले १५६ तास युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस साचत राहतात. खाज सुटते, मळमळतं, जेवणावरची वासना उडते. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं.

काही विषं तर यंत्रालाही फारशी दाद देत नाहीत. इंडॉक्सिल सल्फेट हे त्यातलंच. ते रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून असतं. यंत्राच्या जाळीतून ते प्रथिन जात नाही, म्हणून चिकटलेलं विषही बरंचसं मागेच राहतं. म्हणजे तिन्ही पाळ्या नीट झाल्या तरी रक्त पुरतं साफ होत नाही. मग पाळी चुकली तर काय होत असेल?

मोखाडा तालुक्यातल्या एका दादांसोबत आम्ही काही महिने नाशिकला जात होतो. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत पायी, पुढे जीप, मग त्र्यंबकेश्वरमार्गे एसटी. सोबत घरचं एक माणूस लागायचंच. आठवड्यातले तीन दिवस दोघांची मजुरी बुडायची. उपचार योजनेतून फुकट, पण भाडं खिशातून. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेली आणि सोबतीला कुणी उरलं नाही. तीनच्या दोन पाळ्या झाल्या, दोनची एक. केंद्रावर दादांना 'बेशिस्त' म्हटलं गेलं. भाडं कुठून आणता, हे कुणी विचारलं नाही.

वर सल्ला काय, तर प्रथिनं वाढवा. सल्ला बरोबरच आहे, डायलिसिसमध्ये शरीरातली पोषकद्रव्यंही वाहून जातात. पण जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे देशाला माहीत झालं. त्या भागातल्या माणसाने रोज अंडी आणायची कुठून?

आता पाण्याचं बघा. डायलिसिसच्या एका पाळीला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. तिथून मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मिळतं. इथले पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी इथून शंभर किलोमीटर वाहून नेता येतं, मग उपचार इथपर्यंत का आणता येत नाहीत? २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी कुणाचं, हाच प्रश्न विचारला होता.

२०१६ला केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. तो जिल्हा रुग्णालयांसाठी होता. जिल्ह्याचं ठिकाण जवळ असलेल्यांना तो पोहोचला. डोंगरातल्या माणसाला तो कागदावरच दिसतो. संविधानाच्या अनुच्छेद ४७ने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवलं आहे. तिथे डोंगराळ भागासाठी सूट दिलेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जव्हार आणि मोखाडा, दोन्हीकडे आठवड्याच्या तीन पाळ्या होतील एवढी यंत्रं, तंत्रज्ञ आणि शुद्ध पाणी हवं. तोवर रुग्णाला आणि सोबत्याला प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी द्यावी. ज्यांना जमेल त्यांना घरी करता येणारं पोटाचं डायलिसिस सरकारी खर्चाने मिळावं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासावं, म्हणजे मूत्रपिंड निकामी होण्याआधी आजार कळेल.

ज्यांच्या घरात, पाड्यात असा रुग्ण आहे त्यांनी किती पाळ्या झाल्या, किती चुकल्या आणि का चुकल्या, हे वहीत लिहून ठेवावं. ग्रामसभेत तो हिशेब वाचून ठराव करू या. दोष रुग्णाच्या माथी मारणाऱ्यांना आधी त्या ठरावाला उत्तर द्यावं लागेल.

जय भीम! जोहार!